जुना पॅड हातात घ्या, मग नवा निवडा

बीडच्या एका शिक्षकांनी विचारलंय: "माझी १२५ सीसीची गाडी आहे, पुढे डिस्क, मागे ड्रम. रोज मांजरसुंब्याचा घाट चढून पुढच्या एका गावी शाळेत जातो, जाऊन-येऊन साठेक किलोमीटर. रविवारी गावाकडं कच्चा रस्ता, मागे मिसेस आणि कधीकधी एखादं पोतं. कंपनीतून आलेले पहिले ब्रेक पॅड १८,००० किलोमीटर चालले. दुसरे बाहेरून टाकले, ते ७,००० लाच संपले आणि ब्रेक दाबला की किंचाळतात. दुकानदार म्हणतो सिंटर्ड टाका, परत बघायची गरज नाही. मित्र म्हणतो स्वस्तातले टाका, दरवर्षी बदला. काय करू?"

सर, दुकानदाराचं आणि मित्राचं थोडं बाजूला ठेवू. मला तुमचा तो सात हजारांचा आकडा खुपतोय. गाडी तीच, रस्ता तोच, चालवणारा तोच आणि पॅडचं आयुष्य मात्र निम्म्याहून कमी. एक तर दुसरा जोड हलक्या मालाचा होता, नाहीतर पॅड धरून डिस्कवर दाबणारा कॅलिपर कुठंतरी अडकतोय, नाहीतर डिस्कला चर पडलेत. पहिलं कारण असेल तर नीट पॅड टाकला की विषय संपला. बाकीची दोन असतील तर कितीही भारी पॅड आणा, तोही सात हजारांतच जाईल आणि तुम्ही पॅडच्या कंपनीला बोल लावाल.

मी आयटीआय केल्यावर वाळूजला एका कारखान्यात अडीच वर्षं ब्रेक असेंब्लीच्या लाईनवर होतो. १९८५ साली तिथं बजाजचा कारखाना सुरू झाला आणि त्याच्या आजूबाजूला सुटे भाग बनवणारे कितीतरी कारखाने उभे राहिले, ब्रेक बनवणारेसुद्धा. नंतर बीडला येऊन गॅरेज टाकलं, त्याला आता सत्तावीस वर्षं झाली. इतक्या वर्षांत एक सवय लागली ती सोडली नाही. गिऱ्हाईक "पॅड बदला" म्हणालं की आधी जुने दोन्ही पॅड काढून बाकावर शेजारी शेजारी ठेवायचे आणि त्यालाच दाखवायचे.

तुम्हीही तेच करा. काढलेले पॅड मिस्त्रीकडून मागून घ्या. एक पॅड पिस्टनच्या बाजूचा असतो आणि दुसरा त्याच्या समोरचा. दोन्ही सारखेच झिजले असतील तर कॅलिपर ठीक आहे. पिस्टनच्या बाजूचा पॅड पत्र्यापर्यंत गेलाय आणि समोरच्यावर अजून दोन मिलिमीटर माल शिल्लक आहे, असं दिसलं तर समजा कॅलिपरच्या सरकणाऱ्या पिना जाम झाल्यात. तुमच्या गाडीचा कॅलिपर एकाच बाजूनं ढकलतो. पिस्टन आपल्या बाजूचा पॅड डिस्कवर दाबतो आणि त्या जोरानं अख्खा कॅलिपर पिनांवरून सरकून समोरचा पॅड ओढून आणतो. पिना सरकल्याच नाहीत तर सगळा भार एकट्या पिस्टनच्या बाजूच्या पॅडवर येतो. ब्रेक सोडल्यावरही तो पॅड डिस्कला चिकटून राहतो, मग गाडी पेट्रोलही जास्त खाते. पॅड एका टोकाला जाड आणि दुसऱ्या टोकाला पातळ, पाचरीसारखा झिजला असेल तरी दोष तिथंच शोधायचा.

आपल्याकडं या पिना जाम होण्याचं मोठं कारण धुलाई आहे, आणि हे मी कळकळीनं सांगतोय. वॉशिंग सेंटरवर गाडी रॅम्पवर घेतात, प्रेशरच्या पाण्याची धार थेट कॅलिपरवर मारतात, आणि शेवटी चकाकी यावी म्हणून डिझेल नाहीतर जळक्या ऑईलचा फवारा मारतात. पाण्यानं पिनांवरच्या रबरी टोप्यांखालचं ग्रीस निघून जातं, त्यात फुफाटा जाऊन बसतो. डिझेल डिस्कवर गेलं की पॅड ते शोषून घेतो. असा तेल प्यालेला पॅड पॉलिश पेपरनं घासून वरवर ठीक दिसतो, पण गरम झाला की आतलं तेल परत वर येतं. तो टाकूनच द्यावा लागतो. धुणाऱ्या पोराला आधीच सांगा, "चाकांना फवारा मारू नको." तो नाही म्हणत नाही, आपण सांगत नाही एवढंच. चेनला स्प्रे मारतानाही मागची डिस्क असलेल्यांनी हीच काळजी घ्यावी. तुमच्या मागे ड्रम आहे, ते बरं.

आता पॅडचा चेहरा बघा. काचेसारखा चकचकीत झाला असेल तर तो जास्त तापलाय. पॅडचा माल म्हणजे तंतू, ग्रॅफाईट, धातूचा चुरा, खनिजांची भुकटी आणि हे सगळं धरून ठेवणारं फिनॉलिक रेझिन. गरम साच्यात दाबून हा माल लोखंडी पट्टीवर बसवतात आणि मग भट्टीत शेकतात. वापरात प्रमाणाबाहेर तापला की पृष्ठभागावर एक गुळगुळीत, कडक थर बसतो. तुमच्या ब्रेकचा किंचाळण्याचा आवाज बहुधा त्याचाच, नाहीतर पॅडच्या मागची पातळ पत्री कुणीतरी बसवायची विसरलाय. ती पत्री आणि कॅलिपरमधली छोटी स्प्रिंग पुष्कळ ठिकाणी पॅड बदलताना काढून ठेवतात आणि तिथंच राहते.

पॅडवर लांब चर असतील तर बोटाचं नख डिस्कवर आडवं फिरवा. नख अडकत असेल तर डिस्कही चिरली गेलीय. आपल्या भागात हे फार होतं, आणि त्यात काळ्या मातीचा दोष कमी आहे. काळी माती बारीक, चिकट. ती डिस्कला लेप लावते आणि पाण्यानं निघून जाते. घात करते ती खडीची कच. रस्त्याची कामं जागोजागी चालूच असतात आणि आपली खडी म्हणजे दख्खनचा काळा बेसॉल्ट, टणक दगड. त्याचा कण पॅडच्या मऊ मालात रुतून बसला की कानस धरल्यासारखा डिस्कवर फिरत राहतो. म्हणून खडीच्या रस्त्यावरून आठवडाभर गाडी चालली असेल तर बादलीभर साधं पाणी डिस्कवर ओतावं. सुकलेला चिखल स्क्रू-ड्रायव्हरनं खरवडू नये.

डिस्कच्या मधल्या भागावर किंवा कडेला कमीत कमी जाडीचा आकडा कोरलेला असतो, आधी "मिन" आणि पुढं मिलिमीटर. जाडी त्याच्या खाली गेली असेल तर डिस्क बदलायची, यात तडजोड नाही. जाडी मोजताना डिस्कच्या काठाला उरलेली उंच कड मोजू नका, पॅड घासतो तिथली मोजा. जाडी मोजायच्या साध्या व्हर्नियर कॅलिपरच्या जबड्यात ती कड आली की आकडा जास्त दिसतो आणि माणूस फसतो.

इतकं बघून झालं की मग पॅडची निवड.

बाजारात तुमच्यासमोर तीन तऱ्हेचे पॅड येतील. पहिला ऑरगॅनिक, म्हणजे रेझिन आणि तंतूंचा. याच्यात धातू थोडा किंवा अजिबात नसतो. मऊ, आवाज कमी, थंड असतानाही पकड चांगली आणि डिस्कला दयाळू. झिजतो लवकर, आणि फार तापला तर पकड उतरते. दुसरा सेमी-मेटॅलिक, त्यात स्टीलचे किंवा पितळेचे तंतू-चुरा बराच असतो. उष्णता जास्त सोसतो, टिकतो जास्त, डिस्क थोडी जास्त खातो. तिसरा सिंटर्ड. याच्यात रेझिन नसतंच. तांबं-कथलासारख्या धातूंची भुकटी दाबून, वितळू न देता, उष्णतेनं एकजीव करतात. ओल्या रस्त्यावर, तापलेल्या अवस्थेत, मोठ्या वेगात हा उत्तम काम करतो, म्हणून मोठ्या आणि वेगवान गाड्यांना कंपनीच तो देते. सिरॅमिक नावाचेही पॅड मिळतात, पण १२५ च्या गाडीसाठी त्यावर वेळ घालवण्यात अर्थ नाही.

तुमचा दुकानदार तिसरा गळ्यात घालतोय. त्याचं "परत बघायची गरज नाही" हे बोलणं अर्धं खरं आहे, पॅड कमी झिजतो, पण तो डिस्कला झिजवतो. तुमच्या गाडीची डिस्क ऑरगॅनिक किंवा सेमी-मेटॅलिक पॅडच्या जोडीला बनवलेली आहे. सिंटर्ड धातूच तिच्यावर घासायला लागला की पॅडच्या पैशांत वाचवलेलं डिस्कच्या पैशांत जातं, आणि डिस्क कितीतरी महाग. दुसरं, धातू उष्णता पटकन मागे पाठवतो. ती पिस्टनमधून ब्रेक ऑईलपर्यंत जाते.

पण मला सगळ्यात जास्त काळजी पकडीची वाटते. पॅडच्या कडेला किंवा पाठीवर कधीकधी दोन इंग्रजी अक्षरं असतात. पहिलं अक्षर साध्या तापमानाला पॅड किती पकडतो ते सांगतं, दुसरं तापल्यावर किती. ई म्हणजे घर्षणाचा गुणांक ०.२५ ते ०.३५, एफ म्हणजे ०.३५ ते ०.४५, जी म्हणजे ०.४५ ते ०.५५ आणि एच म्हणजे ०.५५ च्या वर. दोन्ही अक्षरं सारखी असली तर तापल्यावरही पकड त्याच पट्ट्यात राहते. दुसरं अक्षर खालचं असलं तर घाटात ब्रेक ढिला वाटणार. सिंटर्ड पॅड बहुतेक दोन एचचे असतात. दुकानदार ते अभिमानानं दाखवतो. तुमच्या १२५ च्या गाडीत बहुधा चाक लॉक होऊ न देणारं एबीएस नाही, सीबीएस आहे. भारतात एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीपर्यंतच्या गाड्यांना सीबीएस किंवा एबीएस आणि त्याहून मोठ्या गाड्यांना एबीएस सक्तीचं झालं. सीबीएस दोन्ही चाकांना ब्रेक वाटून देतं, पण चाक लॉक होण्यापासून वाचवत नाही. अशा गाडीच्या बारीक पुढच्या टायरवर एकदम चावणारा पॅड टाकला आणि पुढं रस्त्यावर खडी पसरलेली असली, किंवा दिवाळीच्या सुमारास लोक रस्त्यावर सोयाबीन वाळत घालतात ते आडवं आलं, तर पुढचं चाक अडकलं की माणूस पडलाच. पुढचं चाक घसरल्यावर सावरायला वेळ मिळत नाही. तेव्हा जास्त चावणारा पॅड म्हणजे जास्त चांगला ब्रेक, हे तुमच्या गाडीला लागू पडत नाही.

दुकानदाराचा पुढचा मुद्दा असणार, "सर, घाट आहे ना रोज!" त्याचाही हिशोब करू, तुम्ही शिक्षक आहात, तुम्हाला आवडेल. गाडी, तुम्ही आणि मागे मिसेस मिळून २५० किलो धरू. ताशी ६० वरून करकचून थांबलात तर साधारण ३५ किलोज्यूल ऊर्जा उष्णता होऊन बाहेर पडते. सगळी एकट्या पुढच्या डिस्कमध्ये गेली आणि डिस्क एक किलोची असली असं मानलं, तरी तिचं तापमान सत्तरेक अंशांनी वाढेल. यात ऑरगॅनिक पॅडला काही होत नाही. रोजच्या रस्त्यावर तुम्ही दर दोन-चार किलोमीटरला एकदा ब्रेक मारता, मधल्या वाऱ्यात डिस्क थंड होते.

घाटाचं गणित वेगळं. तेच २५० किलो १०० मीटर उंची खाली उतरलं तर जवळजवळ २५० किलोज्यूल, म्हणजे ६० वरून सात वेळा करकचून थांबण्याइतकी उष्णता. आणि ती सलग, मधे वारा खायला उसंत न देता. तुम्ही न्यूट्रलवर किंवा क्लच दाबून उतरत असाल तर ही सगळी पॅडवर आणि मागच्या ड्रममधल्या लायनरवर येते. तिसऱ्या गिअरमध्ये, उतार तीव्र असेल तिथं दुसऱ्यात, क्लच सोडून उतरलात तर मोठा वाटा इंजिन स्वतः उचलतं. मांजरसुंब्याचा उतार संध्याकाळी शाळेतून परतताना तुमच्या वाट्याला येतो, थकलेले असता, पाय पॅडलवर विसावलेला असतो. ती सवय मोडा. ब्रेक दाबा, वेग उतरवा, पूर्ण सोडा, परत दाबा. बोट लिव्हरवर ठेवून हलका ब्रेक धरून उतरणं हे पॅड चकचकीत करण्याचा हमखास मार्ग आहे. तुमच्या दुसऱ्या जोडाचा चेहरा चकचकीत असेल तर मी आधी हेच विचारीन.

एक गोष्ट सांगतो. बऱ्याच वर्षांपूर्वी एक शेतकरी गाडी ढकलत गॅरेजला आले होते. पेट्रोल वाचवायला घाट न्यूट्रलवर उतरले, मागे बायको, मधे ज्वारीचं पोतं, आणि पूर्ण उतार फक्त पायाच्या ब्रेकवर. खाली येईपर्यंत मागचा ड्रम इतका तापला की पॅडल दाबलं तरी गाडी थांबेना. रस्त्याच्या कडेच्या मातीच्या ढिगावर घातली म्हणून दोघं वाचली. ड्रम उघडला तर लायनर काळे ठिक्कर, जळका वास. मी लायनर बदलून दिले, आणि पैसे घेताना त्यांना तिथंच बसवून गिअरमध्ये उतरायचं कसं ते समजावलं. पेट्रोल वाचतं ही समजूत तुम्हीही काढून टाका, कारण पेट्रोल इंजेक्शनच्या आजच्या गाड्या गिअरमध्ये, थ्रॉटल बंद ठेवून उतरताना पेट्रोल जवळजवळ बंदच करतात.

तर तुमच्यासाठी माझा निर्णय. गाडीच्या कंपनीचा जो पॅड आहे तोच घ्या. पहिला जोड १८,००० चालला हेच त्याचं प्रमाणपत्र. शोरूमच्या पार्ट काउंटरवर तो नसेल तर गाडीच्या कंपन्यांना मूळ ब्रेक पुरवणाऱ्या उत्पादकाचा, तुमच्या मॉडेलचा आणि वर्षाचा पॅड चालेल. सेमी-मेटॅलिक मी तुम्हाला तेव्हाच देईन, जेव्हा रोज डबलसीट आणि ओझं घेऊन घाट होत असेल. तुमचं ओझं रविवारचं आहे, त्यामुळे गरज नाही.

मित्राचा सल्ला मात्र सिंटर्डपेक्षाही वाईट. स्वस्त पॅडचा खरा धोका झिजण्यात नाही. माल लोखंडी पट्टीला धरून ठेवणारा चिकटवणारा थर आणि भट्टीचं शेकणं, खर्च वाचवायला काटछाट होते ती तिथंच. गॅरेज टाकल्यावर पहिल्या दोन-तीन वर्षांत मीही गिऱ्हाइकाचे शे-दीडशे रुपये वाचावेत म्हणून असा लोकल जोड बसवला होता. तीन महिन्यांनी तो मुलगा परत आला. ब्रेक दाबला तेव्हा खाडकन आवाज झाला म्हणे. उघडून बघितलं तर एका पॅडचा अख्खा माल पट्टीपासून सुटून पडला होता आणि नुसतं लोखंड डिस्कवर घासत होतं. चौकातल्या गर्दीत वेग कमी होता म्हणून तो बचावला. त्या दिवसापासून माझ्या गॅरेजमध्ये तसला माल येत नाही. गिऱ्हाईक दुसरीकडं गेलं तरी चालेल.

खरेदी करताना जुना पॅड सोबत न्या आणि नव्यावर ठेवून बघा. एकाच नावाच्या गाडीत दोन-तीन वर्षांनी कॅलिपर बदललेला असतो, पॅडचे कान वेगळे असतात. थोडासा बसत नाही म्हणून कान ग्राइंडरवर घासून बसवणारे मिस्त्री आहेत. तिथून उठून या. कान घासलेला पॅड कॅलिपरमध्ये हलतो, खडखडतो आणि तिरका झिजतो. डबीवर छापील किंमत, पार्ट नंबर, उत्पादकाचा पत्ता आणि बनवल्याचा महिना-वर्ष बघा. कोड स्कॅन करायची सोय असेल तर दुकानातच करा. छापाई पुसट, स्पेलिंग चुकलेलं, पट्टीवरचा रंग बोटाला लागतोय, मालात बारीक भेगा दिसतात, असलं काही असेल तर परत करा. बिल घ्या. पॅडवर तेलकट हात लावू देऊ नका, काउंटरवरच्या पोरालासुद्धा.

बसवताना तुम्ही समोर उभे राहा. मी काय करतो ते सांगतो, तुमच्या मिस्त्रीकडूनही तेवढं करून घ्या. जुने पॅड काढल्यावर पिस्टन बाहेर आलेला असतो. तो मागे ढकलण्याआधी साबणाच्या पाण्यानं आणि मऊ ब्रशनं साफ करायचा, नाहीतर त्याच्यावरची घाण थेट सीलमध्ये जाते. पिना काढून, पुसून, सिलिकॉनचं ग्रीस लावायचं. साधं चेसिसचं ग्रीस लावलं तर रबर फुगतं आणि महिन्याभरात पिना परत जाम. रबरी टोपी फाटली असेल तर बदला, किरकोळ पैशांची असते. डिस्कवर बारीक पॉलिश पेपर फिरवून मग ब्रेक क्लीनरनं किंवा आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसायची. पिस्टन मागे ढकलताना हँडलजवळच्या छोट्या टाकीतलं ब्रेक ऑईल वर येतं, ते पेट्रोलच्या टाकीच्या रंगावर सांडलं तर रंग सोलून काढतं, म्हणून खाली कापड धरायचं. आणि जुनी भुकटी तोंडानं किंवा हवेच्या पाइपनं उडवू देऊ नका. पूर्वीच्या पॅड-लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असायचा, आता डबीवर ॲस्बेस्टॉस-फ्री लिहिलेलं असतं, पण ती भुकटी तशीही फुप्फुसात जाऊ नये. ओल्या फडक्यानं पुसावी.

हे सगळं झाल्यावर, आणि ही गोष्ट मी प्रत्येक गिऱ्हाइकाला हात धरून सांगतो, गाडी जागची हलवण्याआधी लिव्हर पाच-सात वेळा दाबा. पिस्टन मागे ढकललेला असतो, पहिल्या दाबाला लिव्हर थेट हँडलपर्यंत जातो, ब्रेक लागतच नाही. लिव्हर कडक झाला की मगच गिअर टाकायचा.

ब्रेक ऑईलचंही बघून घ्या. टाकीच्या झाकणावर डॉट ३ किंवा डॉट ४ लिहिलेलं असतं, जे असेल तेच. डॉट ५ हे सिलिकॉनचं, ते यात मिसळायचं नाही. हे ऑईल हवेतलं पाणी शोषतं. नवं डॉट ३ किमान २०५ अंशांपर्यंत उकळत नाही, पण पाणी शोषल्यावर ती मर्यादा १४० पर्यंत खाली येते. डॉट ४ ची नवं असताना २३०, पाणी शोषल्यावर १५५. घाटात लिव्हर अचानक स्पंजासारखा मऊ झाला तर ऑईल उकळून बुडबुडे झालेत असं समजायचं. म्हणून दर दोन वर्षांनी पूर्ण बदला, आणि काळपट चहासारखं दिसलं तर त्याआधीच. अर्धी वापरलेली, झाकण उघडी राहिलेली बाटली मिस्त्रीकडून घेऊ नका. सीलबंद छोटी बाटली आणा.

मागचा ड्रमही याच्याशी जोडलेला आहे, हे बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही. सीबीएसमुळे तुमच्या गाडीत पायाचा ब्रेक दाबला की पुढचाही थोडा लागतो. मागचे लायनर झिजले किंवा पॅडलची ढिलाई वाढली की तुम्ही पाय जास्त दाबता आणि दोघांमधला वाटा बिघडतो. पॅडलला २० ते ३० मिलिमीटर ढिलाई ठेवा. ड्रमच्या बाहेर कॅमच्या दांड्याजवळ एक बाण असतो. पॅडल पूर्ण दाबल्यावर तो खुणेपर्यंत पोहोचला की लायनर बदलायचे, पुढं नट आवळत बसायचं नाही. "मी पुढचा ब्रेक वापरतच नाही, तरी पॅड कसे गेले," असं विचारणाऱ्यांनाही उत्तर हेच.

नवे पॅड बसल्यावर पहिले दोनशे-अडीचशे किलोमीटर घाईचे नकोत. नवा पॅड आणि जुनी डिस्क यांचे पृष्ठभाग एकमेकांत बसायचे असतात. बीडच्या बाहेर मोकळ्या रस्त्यावर ४०-५० च्या वेगावरून मध्यम ब्रेक लावून १० पर्यंत उतरवा, सोडा, थोडं चालवून परत. वीस-पंचवीस वेळा, मधे वारा लागू देत. पूर्ण थांबून तापलेल्या डिस्कवर ब्रेक दाबून धरू नका, तिथं पॅडचा ठसा उमटतो आणि नंतर लिव्हर थरथरतो. या दिवसांत पकड थोडी कमी वाटेल, म्हणून पुढच्या गाडीपासून अंतर जास्त ठेवा. ताशी ६० ला, चांगल्या ब्रेकनं, कोरड्या रस्त्यावर, विचार करायला एक सेकंद धरून साधारण ४० मीटर लागतात. उसाच्या हंगामात संध्याकाळी मागे दिवा नसलेली ट्रॉली समोर असते तेव्हा हा आकडा आठवा.

पहिल्या आठवड्यात एकदा ही तपासणी करा. ब्रेक फार न वापरता दहा किलोमीटर चालवून थांबा आणि डिस्कवर पाण्याचा थेंब टाका. थेंब तसाच राहिला तर ब्रेक सुटतोय. चर्र करून उडाला तर पॅड घासत राहिलेत, कॅलिपर परत उघडावा लागेल. बोट लावून बघू नका, भाजतं.

मग दर दोन हजार किलोमीटरला मोबाईलचा टॉर्च कॅलिपरमध्ये मारून बघा. माल दीड-दोन मिलिमीटरवर आला, किंवा पॅडमधली खूण-खाच मिटली, की बदलायचे. दोन्ही पॅड बघा. आत्ताचे जुने दोन पॅड तुमच्याकडे असतील तर त्यांचा समोरून आणि कडेनं फोटो काढून पाठवा, कोणता पिस्टनच्या बाजूचा ते लिहा. सात हजारांचं कारण मी त्यावरून सांगू शकेन, त्याआधी नवे घेऊ नका.